लक्ष ठेवणं, लक्ष देणं

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं. जुनी माणसं त्याला पागलखानाच म्हणत. अशा जागी पहारेकऱ्याचं काम एकच, रोग्यांवर लक्ष ठेवणं. लक्ष देणं ही गोष्ट निराळी, आणि ती शिकावी लागते. मानसोपचार शिकणाऱ्यांना ती शिकवण्याची एक रीत आहे.

तिचं मूळ व्हिएन्नात आहे. पोलंडच्या ज्यू घरातल्या एस्थर बिक तिथे शार्लोट ब्युलर यांच्याकडे शिकत होत्या. लहान मुलांचे प्रतिसाद स्टॉपवॉच लावून मोजायचे, असं ते शिक्षण. मोजणीत मूल हातून सुटतं, हे बिक यांना खुपत राहिलं. पुढे नाझींमुळे त्या इंग्लंडला आल्या. घरची बहुतेक माणसं मारली गेली. १९४८ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी शिकाऊ बालमनोपचारकांना नवं काम दिलं. एकाच घरी, जन्मापासून दोन वर्षं, आठवड्यातून तासभर बाळाजवळ बसायचं. तिथे काही लिहायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. परतल्यावर आठवून सगळं लिहायचं आणि चार-पाच जणांत वाचायचं.

नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या घरी हे करून बघा. मे महिना, कूलरची घरघर, आई ओट्याशी, शिकाऊ मुलगी बाळाजवळ. बाळ रडायला लागतं. आजी म्हणते, "घे ना गं त्याला!" पाहुणीने बाळाला घेऊ नये, हा आपल्याकडे तुसडेपणाच. हात शिवशिवतात, जीव कासावीस होतो. जरा वेळाने बाळाच्या मुठीत दुपट्याचं टोक येतं, ते तोंडात जातं, हुंदके विरळ होतात आणि डोळे खिडकीतल्या तिरिपेवर ठरतात. घाईने उचललं असतं तर त्याने स्वतःला कसं सावरलं ते दिसलंच नसतं. रात्री लिहायला बसल्यावर शिकाऊ मुलीला उमगतं, की रडणं त्याचं होतं आणि सोसवत तिला नव्हतं.

१९६० साली लंडनच्या मनोविश्लेषण संस्थेने ही रीत अभ्यासक्रमात घेतली. नंतर परिचारिका, शिक्षक, समाजसेवकही असं बसू लागले. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोसांनी १९२२ सालीच कोलकात्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली होती, म्हणजे हा विचार इथे परका नाही. मला तर बाळाजवळ बसण्याची ही रीत 'मेडिकल' कॉलेजातल्या प्रत्येक इंटर्नला हवीशी वाटते. ओपीडीत रांग दारापर्यंत असते, समोरची बाई बोलता बोलता थांबते, पदराचं टोक बोटाला गुंडाळते. अशा वेळी पेन खाली ठेवून अर्धं मिनिट गप्प बसता आलं, तर "झोप लागत नाही" याच्या पुढचं ती सांगते.