विद्यापीठीय अध्यापकांची वेतनपुनर्रचना (भारत)

भारतातील विद्यापीठे व त्यांना संलग्न महाविद्यालये यांतील अध्यापकांच्या वेतनश्रेणींचा वेळोवेळी आढावा घेऊन त्या सुधारण्याच्या प्रक्रियेस वेतनपुनर्रचना असे म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोग यासाठी स्वतंत्र समिती नेमतो. समितीच्या शिफारशींवर केंद्र सरकार निर्णय घेते. राज्य विद्यापीठांना मात्र ही वेतनश्रेणी आपोआप लागू होत नाही. त्यासाठी राज्य शासनाने स्वतंत्र शासन निर्णय काढावा लागतो.

इतिहास

१ जानेवारी १९७३ पासून लागू झालेली वेतनश्रेणी सेन समितीच्या शिफारशींवर आधारलेली होती. तीत अधिव्याख्यात्यास ७००–१६००, प्रपाठकास १२००–१९०० आणि प्राध्यापकास १५००–२५०० रुपये अशी श्रेणी होती. (मराठी बोलण्यात महाविद्यालयात शिकवणारा प्रत्येक जण 'प्राध्यापक'च असतो, वेतनपत्रकात तसे नसते.) मेहरोत्रा समितीनंतर १ जानेवारी १९८६ पासून अधिव्याख्यात्याची श्रेणी २२००–४००० झाली. केंद्रीय सेवेतील 'अ' गटाच्या कनिष्ठ अधिकाऱ्याची श्रेणीही तेव्हा तीच होती. पद रिक्त नसतानाही सेवाकाळानुसार वरची श्रेणी मिळण्याची सोय याच योजनेने केली. अनेक वर्षे एकाच पदावर अडकून पडलेल्या अध्यापकांच्या दृष्टीने मूळ वेतनवाढीइतकेच या सोयीचे मोल होते.

रस्तोगी समितीनंतर १९९६ पासून प्रारंभीची श्रेणी ८०००–१३५०० झाली. चढ्ढा समितीनंतर २००६ पासून ती १५६००–३९१०० व त्यावर ६००० शैक्षणिक श्रेणीवेतन अशी झाली, आणि अधिव्याख्याता व प्रपाठक ही पदनामे जाऊन साहाय्यक व सहयोगी प्राध्यापक ही आली. पुढे २०१० च्या विनियमांनी पदोन्नती गुणांकाशी जोडली. गुणांसाठी शोधनिबंध छापण्याची घाई वाढली व सुमार नियतकालिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली.

सातव्या वेतन आयोगाशी सुसंगत पुनर्रचना चौहान समितीच्या शिफारशींनंतर २ नोव्हेंबर २०१७ रोजी जाहीर झाली. ती १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तीनुसार प्रारंभीचे मूळ वेतन साहाय्यक प्राध्यापकास ५७,७००, सहयोगी प्राध्यापकास १,३१,४०० आणि प्राध्यापकास १,४४,२०० रुपये आहे.

खर्चाची विभागणी

शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणे हा अधिकार केंद्राकडेच होता व आहे. त्यामुळे श्रेणी दिल्लीत ठरते आणि तिचा कायमचा भार राज्यांच्या तिजोरीवर पडतो. २००६ च्या पुनर्रचनेत वाढीव खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्राने ३१ मार्च २०१० पर्यंत देऊ केला होता. २०१६ च्या पुनर्रचनेत तो ५० टक्क्यांवर आला व त्याची मुदत ३१ मार्च २०१९ ही होती. विलंबाचे व थकबाकीचे बहुतेक तंटे येथूनच उद्भवतात.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाची श्रेणी ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाली, म्हणजे लागू होण्याच्या दिनांकानंतर तीन वर्षांनी. त्याआधी सहाव्या आयोगाची थकबाकी आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या नेट-सेट नसलेल्या अध्यापकांची सेवा, या प्रश्नांवरून प्राध्यापक महासंघाने ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात परीक्षाकामावर बहिष्कार टाकला होता. शासनाने ७१ दिवसांचे वेतन रोखले व तो वाद न्यायालयात गेला.

श्रेणीबाहेरील अध्यापक

वरील सर्व आकडे नियमित पदांचे आहेत. पदभरती रखडल्यावर ती पदे तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडून चालवली जातात. त्यांची अर्हता तीच. पण त्यांना वार्षिक वेतनवाढ नाही, आणि सुट्टीच्या महिन्यांत तासिकाच नसल्याने मानधनही नाही. आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रतितासिका १,५०० रुपये व महिन्यास कमाल ५०,००० रुपये असा दर सुचविला. ही कमाल मर्यादासुद्धा नवागत साहाय्यक प्राध्यापकाच्या मूळ वेतनापेक्षा कमी आहे, आणि त्या मूळ वेतनावर महागाई व घरभाडे भत्ता वेगळा मिळतो.