ऑइल कॅच कॅन

* पिस्टन-रिंगांच्या फटीतून निसटलेला वायू क्रँककेसमधल्या तेलाचे बारीक तुषार घेऊन एका नळीतून पुन्हा इनटेककडे जातो. त्या नळीवर बसवलेला हा डबा. आतल्या जाळीवर तेल अडते, तळाशी साचते. अशा डब्याची गरज का पडते याचे उदाहरण: २०११च्या फोर्ड एफ-१५० ट्रकमधल्या इकोबूस्ट इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. इनटेक व्हॉल्व्ह त्यामुळे धुतले जात नसत आणि हाच तेलकटपणा त्यांच्यावर काळा, कडक थर होऊन बसे. (२०१७पासून ३.५ लिटर इंजिनात पोर्टमध्येही फवारे आले.) डब्यामुळे थर वाढण्याचा वेग कमी होतो; बसलेला थर मात्र निघत नाही. डबा वेळोवेळी रिकामा करायला हवा: कडाक्याच्या थंडीत त्यात तेलाबरोबर पाणीही जमते आणि ते गोठले, तर नळी तुंबून क्रँककेसमधला दाब वाढतो, सील गळू लागतात.