अमेरिकेचें जन्मसिद्ध नागरिकत्व : एका उपवाक्याचा इतिहास

‘जन्मसिद्ध’ या शब्दाशीं महाराष्ट्रीय वाचकांचा परिचय जुना आहे. परंतु जन्मानें नेमकें काय सिद्ध होतें, असें कायद्यानें विचारलें म्हणजे केवळ भावनेनें उत्तर देतां येत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा वाद फार जुना आहे, आणि २०२५ च्या जानेवारींत राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनीं काढलेल्या हुकुमामुळें तो पुन्हां ऐरणीवर आला. आई बेकायदेशीरपणें किंवा तात्पुरत्या परवान्यावर त्या देशांत राहत असेल, आणि बापहि नागरिक वा कायमचा रहिवासी नसेल, तर तेथें जन्मलेल्या त्यांच्या अपत्यास नागरिक समजूं नये, असा त्या हुकुमाचा आशय होता. खालच्या न्यायालयांनीं त्याची अंमलबजावणी रोखली. आम्हांस त्या राजकारणाचा निवाडा करावयाचा नाहीं. ज्या वाक्यावर हा वाद उभा आहे, त्याची हकीकत सांगावयाची आहे.

तें वाक्य १८६८ सालीं मंजूर झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आरंभीं येतें. संयुक्त संस्थानांत जन्मलेली आणि त्यांच्या अधिकाराखालीं असलेली व्यक्ति त्या देशाची नागरिक होय, असा त्याचा भावार्थ. त्याचा जन्म एका अन्यायांतून झाला. १८५७ सालीं ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यांत सरन्यायाधीश टॉनी यांनीं असें ठरविलें कीं, आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांचे वंशज, मग ते मुक्त असले तरी, या देशाचे नागरिक होऊं शकत नाहींत. घटना लिहिली गेली त्या काळीं लोकांची समजूत काय होती, यावरच टॉनी यांनीं आपला निकाल उभारला होता, हें विसरतां कामा नये. यादवी युद्ध संपल्यावर तो निकाल पुसून टाकण्यासाठीं विधिमंडळानें एक फार जुना इंग्रजी नियम घटनेंत घातला. १६०८ सालच्या काल्व्हिनच्या खटल्यांत कोक यांनीं तो मांडला होता : राजाच्या छत्राखालीं जन्मलेला तो राजाचा प्रजाजन. सरंजामी राजनिष्ठेच्या पोटीं जन्मलेला नियम पुढें एका प्रजासत्ताकाचें सर्वांत रुंद प्रवेशद्वार व्हावा, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

परंतु ‘अधिकाराखालीं असलेली’ या शब्दांचा अर्थ काय? १८६६ च्या मे महिन्यांत सेनेटमध्यें मिशिगनचे हॉवर्ड यांनीं हें वाक्य मांडलें, तेव्हां पेन्सिल्व्हेनियाचे कॉवन यांनीं शंका काढली कीं, चिनी व जिप्सी लोकांचीं मुलेंहि मग नागरिक होणार काय? कॅलिफोर्नियाचे कॉनेस, जे स्वतः आयर्लंडांत जन्मले होते, त्यांनीं होय असेंच उत्तर दिलें. तेव्हां कर्त्यांच्या मनांत केवळ मुक्त झालेले गुलाम होते, असें म्हणणारांनीं हा संवाद अवश्य वाचावा. मात्र देशांत चोरून आलेल्यांच्या संततीविषयीं त्या सभागृहांत चर्चा झाली नाहीं. परदेशीयांच्या आगमनावर राष्ट्राचे निर्बंध त्या काळीं जवळजवळ नव्हतेच. कांहीं इतिहासकार याला उत्तर देतात कीं, १८०८ नंतर गुलामांची आयात बेकायदेशीर असतांहि चोरून आणलेल्या गुलामांचीं मुलें या वाक्यानें नागरिक झालींच. उत्तर बिनतोड नसलें तरी हलकें नाहीं.

आतां न्यायासनाकडे वळूं. १८८४ सालीं जॉन एल्क या मूळ रहिवाशानें, आपण टोळी सोडून ओमाहा शहरांत राहतों, सबब आपणांस मताधिकार आहे, असा दावा केला. न्यायमूर्ति ग्रे यांनीं तो फेटाळला. टोळीची निष्ठा वेगळी, असें त्यांचें म्हणणें. न्यायमूर्ति हार्लन यांनीं कळवळून विरोधी मत लिहिलें. मूळ रहिवाशांस सरसकट नागरिकत्व मिळावयास १९२४ साल उजाडावें लागलें.

चौदा वर्षांनीं पात्रें तींच, पण भूमिका उलट. वाँग किम आर्क हा व्यवसायानें आचारी. १८७३ मध्यें सॅन फ्रॅन्सिस्कोस चिनी आईबापांच्या पोटीं जन्मलेला. १८९५ सालीं चीनहून परतला असतां, १८८२ च्या चिनी-बंदीच्या कायद्यावर बोट ठेवून अधिकाऱ्यांनीं त्यास उतरूं दिलें नाहीं. कांहीं महिने बंदरांतील आगबोटींवर अडकवून ठेवलें. १८९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध दोन मतांनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला. लेखक तेच ग्रे. परकीय वकिलांचीं मुलें, चाल करून आलेल्या शत्रूचीं मुलें व टोळ्यांतील लोक एवढे अपवाद सोडल्यास, देशांत जन्मलेला सर्वस्वीं देशाच्या अधिकाराखालीं असतो, असें त्यांनीं कोकपासूनची परंपरा धुंडाळून ठरविलें. सरन्यायाधीश फुलर यांचें म्हणणें असें कीं, राजाबरोबर राजनिष्ठेचा नियमहि क्रांतीनें झुगारला. बाप चिनी बादशहाचा प्रजाजन, तर मुलगाहि तसाच. आणि फुलर यांना दुजोरा कोणी दिला? हार्लन यांनीं! १८९६ च्या प्लेसी खटल्यांत, घटनेला रंग दिसत नाहीं असें एकट्यानें ठणकावून सांगणारे तेच हार्लन. ग्रे मात्र त्या खटल्यांत वर्णभेदाच्या पक्षास होते.

आम्हांस या प्रकरणांतील सर्वांत उद्बोधक गोष्ट हीच वाटते. उदार मनाच्या न्यायाधीशाची सहानुभूति चिनी माणसाच्या दाराशीं येऊन थांबली, आणि कोरड्या वाटणाऱ्या नियमानें त्या माणसास आंत घेतलें. वाँगचे आईबाप कायमचें वास्तव्य करून होते, हा उल्लेख निकालांत वारंवार येतो, आणि २०२५ च्या हुकुमाच्या समर्थकांनीं त्यावरच भर दिला. तथापि ग्रे यांच्या युक्तिवादाचा कणा वास्तव्य हा नसून जन्मस्थळ हा आहे, असें आमचें मत आहे.

नियमाचें महत्त्व आपल्या देशबांधवांच्या उदाहरणानें अधिक पटेल. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांस, ते गोरे नव्हेत म्हणून, १९२३ सालीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें नागरिकत्व नाकारलें. परंतु त्यांच्यासारख्याचें तेथें जन्मलेलें मूल मात्र अर्ज न करतांच नागरिक होई. आपल्याकडे घटनेनें हा विषय पुढील काळासाठीं संसदेच्या हातीं ठेवला. त्यामुळें १९५५ च्या कायद्यांतील जन्माचा मोकळा नियम १९८६ व २००३ सालीं साध्या दुरुस्त्यांनीं आकुंचित करतां आला. अमेरिकेंत तें वाक्य बदलावयाचें तर दोन्ही सभागृहांचीं दोनतृतीयांश मतें आणि तीनचतुर्थांश संस्थानांची संमति हवी. म्हणूनच तेथें सारी झुंज अर्थ लावण्यावर येते.

खुद्द वाँगला निकालानेंहि स्वस्थता लाभली नाहीं. १९०१ मध्यें टेक्सासांतील एल पासो येथें चिनी म्हणून त्यास पकडण्यांत आलें, आणि आपलें नागरिकत्व पुन्हां शाबीत करावें लागलें. १९१० सालीं त्याचा थोरला मुलगा चीनहून आला. हा वाँगचाच मुलगा, यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसला नाहीं, व त्यास परत धाडण्यांत आलें.