मास्टर विठ्ठलला 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' का म्हणायचे?

भारताचा पहिला बोलपट कोणता? 'आलम आरा', १९३१. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं हे झोपेतही सांगतात. त्याचा हिरो कोण, असं विचारलं की मात्र गाडी अडते.

तो होता मास्टर विठ्ठल, बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला मराठी गडी. 'आलम आरा'च्या आधीच तो स्टार झाला होता आणि त्याची ओळख होती 'भारताचा डग्लस फेअरबँक्स'.

आता हा डग्लस कोण?

'मार्क ऑफ झोरो' (१९२०), 'रॉबिन हूड' (१९२२) आणि 'थीफ ऑफ बगदाद' (१९२४) गाजवणारा हॉलिवूडचा हिरो. हातात तलवार, चेहऱ्यावर हसू आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर उडी. बहुतेक स्टंट स्वतःच करायचा. इंग्रज सरकारने १९२७ मध्ये सिनेमाचा अभ्यास करायला समिती नेमली होती. भारतात सगळ्यात जास्त चाललेला चित्रपट म्हणून तिच्या अहवालात नाव आहे 'थीफ ऑफ बगदाद'चं.

कारण सोपं होतं. चित्रपट मुके होते. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या वाचता आल्या नाहीत तरी उडी सगळ्यांना कळायची.

मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने ही नस बरोबर पकडली आणि विठ्ठलच्या हाती तलवार दिली. पुढे 'आलम आरा'साठी त्याने शारदाचा करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याची बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी. हो, तेच जिना! एवढं करून बोलपटात त्याची बोली आड आली आणि त्याला संवाद अगदीच मोजके मिळाले.

डग्लसचा दुसरा मराठी चाहता म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, आपले भगवानदादा. 'अलबेला'च्या (१९५१) आधी त्यांनी कमी बजेटचे स्टंटपट काढले आणि उड्या स्वतःच मारल्या, डग्लससारख्याच. त्यांचा प्रेक्षकही मुख्यतः कामगार वर्गातला.

गंमत पुढे आहे. 'थीफ ऑफ बगदाद'चा अमेरिकेतला कॉपीराइट २०२० मध्ये संपला. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसूनही तो मोबाइलवर फुकट सुरू करता येतो. नेटवर्क असलं तर. अर्थात पिक्चर अडीच तासांचा आहे, दिघी त्याच्या कितीतरी आधी येतं.

विठ्ठलचे बहुतेक मूकपट मात्र कुठेच नाहीत. तेव्हाची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची, दमट हवेत सडायची. उरलेली रिळं चांदी काढायला विकली जायची. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ मध्ये, तोवर मूकपटांचा जमाना संपून तीस वर्षं उलटली होती. 'आलम आरा'ची तर एकही प्रिंट सापडलेली नाही. काही फोटो तेवढे आहेत.