नरकाच्या दारातील क्रूस

आल्प्स पर्वताची शिखरे आपण सारेच वाखाणतो. त्याच्या उदरातील इतिहास मात्र नजरेआड राहतो. ऑस्ट्रियातील वेर्फेन गावाच्या डोक्यावर ‘आइसरीझेनवेल्ट’ ही सुमारे ४२ किलोमीटर लांबीची गुहा आहे. हिवाळ्यातील वारा तिचे खडक गोठवतो आणि वसंतात झिरपणारे पाणी त्यांवर बर्फ होऊन साचते. असा सुमारे एक किलोमीटर बर्फ!

पूर्वी ती केवळ शिकाऱ्यांना ठाऊक होती. ग्रामस्थ तिला नरकाचे द्वार मानीत आणि आत पाऊल टाकीत नसत. १८७९ साली निसर्ग-अभ्यासक आंटोन पोसेल्ट सुमारे २०० मीटर आत गेला. तो जेथून परतला, तेथे भिंतीवर क्रूस रंगविलेला आहे. १९१२ पासून आलेक्सांडर फोन मोर्कने पुढील वाट शोधली; १९१४ साली तो महायुद्धात कामी आला. त्याचा रक्षाकलश याच गुहेत विसावला आहे.

जवळच्या सांक्ट योहान येथील घळीत वाट बांधताना गिर्यारोहकांचा पैसा संपला. लिक्टेनस्टाईनचे अधिपती दुसरे योहान यांनी साहाय्य केले आणि १८७६ साली घळ लोकांस खुली झाली. आज ती त्यांच्याच घराण्याच्या नावाने ओळखली जाते. २०१७ साली दरड कोसळून ती बंद पडली. २०२० साली वाट पुन्हा उघडली.

गुहेत विजेचे दिवे नाहीत. पाहुणे कार्बाइडचे कंदील घेऊन चालतात. त्या मिणमिणत्या उजेडात, आपल्याआधी अंधारात शिरलेल्यांचे ऋण स्मरावे, असे आम्हांस वाटते.