फराट्याचा हिशोब

धावत्या मोगलीच्या दृश्यावर सिनेमा थांबवला, की वर्गात एक तरी हात वर होतोच. पडद्यावर मनगटाच्या पुढे बोटं नसतात, मातकट रंगाचा एक फराटा असतो. “सर, हे बिघडलंय का?” बिघडलेलं काहीच नाही. शटर उघडं होतं तेवढ्या वेळात हात जिथून जिथून गेला, त्या सगळ्या जागा एका चित्रात गोळा झाल्या आहेत. सेकंदाला २४ चित्रं आणि शटर १८० अंशांवर, म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला १/४८ सेकंद. दोन सेकंदांत पडदा ओलांडणारी वस्तू २०४८ पिक्सेल रुंदीच्या चित्रात एवढ्या वेळात साधारण २१ पिक्सेल सरकते. तिचा फराटाही तेवढाच हवा. यालाच आपण मोशन ब्लर म्हणतो.

‘द जंगल बुक’ (२०१६) मध्ये मोगली झालेला नील सेठी हाडामांसाचा. जनावरं आणि बहुतेक जंगल संगणकातलं. चित्रीकरण लॉस एंजलिसच्या स्टुडिओत झालं आणि जनावरं घडवणाऱ्या एमपीसीची एक मोठी तुकडी इथे बंगळुरात बसून काम करत होती. पुढच्या वर्षी या चित्रपटाला दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळालं. (एमपीसीचा इथला कारभार २०२५ मध्ये बंद पडला, माणसं पांगली, हातातलं कसब मात्र शहरातच आहे.) मोगलीचा फराटा कॅमेऱ्याने फुकट दिला. संगणकातल्या बगीराचा गणित करून काढावा लागला. दोघे एका चौकटीत धावतात, तेव्हा दोन्ही फराटे एकाच शटरमधून आल्यासारखे दिसले नाहीत, तर प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण बगीरा चिकटवलेला वाटतो.

कोल्हापूर, सोलापूर, बेळगावकडची कितीतरी मुलं इथे दिवसभर रोटो करतात, म्हणजे माणसाची कड फ्रेममागून फ्रेम आखत जातात. कडेला किती ब्लर द्यायचा याचा आकडा त्यांना कुणीतरी सांगितलेला असतो. तो का, हे बहुधा सांगितलेलं नसतं. हे पुस्तक मराठीत लिहिलं ते त्यांच्यासाठी.

फराटा नसला तर काय होतं, ते आपल्याकडे फार पूर्वी पडद्यावर आलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी थोडी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र घ्यायचं. प्रत्येक चित्राच्या वेळी काडी स्थिर, म्हणून प्रत्येक चित्र लख्ख, आणि म्हणूनच अशी हालचाल अडखळते. १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मध्ये शटर उघडं असतानाच बाहुलीला मोटरने हलवून हा दोष घालवला गेला.

संगणकातलं खरं वळण १९८४ चं. लुकासफिल्ममधल्या कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी एका परिषदेतल्या निबंधात एक साधी युक्ती मांडली: पिक्सेलमधून सोडलेल्या प्रत्येक किरणाला शटरच्या अवधीतला वेगवेगळा क्षण यदृच्छेने वाटून द्या आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढा. फराटा आपोआप उमटतो, सोबत दाणेही येतात. दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. रात्रभर चालणाऱ्या रेंडरचं बिल इथून सुरू होतं. त्याच वर्षी, त्याच परिषदेत, त्याच टॉम पोर्टर यांनी टॉम डफ यांच्यासोबत दुसरा निबंध वाचला. थर एकमेकांवर कसे ठेवायचे, याचा. अल्फा म्हणजे पिक्सेलचा किती हिस्सा झाकला गेला ते. वरच्या थराने सोडलेल्या हिश्शात खालचा थर दिसतो. आपलं रोजचं ‘ओव्हर’ ते हेच.

हे दोन निबंध शेजारी ठेवले, की या विषयाचा मुख्य गुंता दिसतो. बैलगाडा शर्यत घ्या. बैल एका थरात, त्याला चिकटून धावणारा गाडा दुसऱ्या थरात. एका पिक्सेलवर शटरच्या पहिल्या अर्ध्या वेळात बैल आहे, उरलेल्या अर्ध्यात गाडा. आकाश तिथे क्षणभरही दिसायला नको. पण दोन्ही थरांचा अल्फा अर्धा-अर्धा, आणि ‘ओव्हर’ला कोण कधी आलं ते माहीत नाही, त्याच्या लेखी दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही. तो हिशोब करतो: अर्धा, अधिक उरलेल्या अर्ध्याचा अर्धा, म्हणजे पाऊण. पाव हिस्सा आकाश सांध्यातून झिरपतं आणि बैल-गाड्यामध्ये उजळ रेघ उमटते. नवशिका ती रेघ ब्रशने पुसत बसतो. पुसू नये. सरासरी काढली तेव्हाच वेळ हरवला आहे. तो ब्रशने परत येत नाही.

मग काय करायचं? सरासरी काढण्याआधी दोघांची गाठ घालून द्यायची. गाडा रेंडर करताना बैलाला त्याच शटरसह होल्डआउट ठेवायचं, म्हणजे बैल दिसत नाही पण गाड्याला झाकतो. मग दोन्ही थर ‘ओव्हर’ न करता नुसते बेरजेने जोडायचे: अर्धा अधिक अर्धा, पूर्ण एक. बैलाऐवजी खराखुरा मुलगा असेल, तर संगणकाला त्याच्या हालचालीची त्रिमित प्रतिकृती लागते, आणि ती फ्रेमगणिक बसवणारा माणूस लागतो. डीप कंपोझिटिंगने हे सगळं सुटतं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. डीपमध्ये पिक्सेलच्या पोटातली खोली शिल्लक राहते, वेळ तिथेही शिल्लक राहत नाही.

दुसरी वाट व्हेक्टर पासची: चित्र लख्ख रेंडर करा, प्रत्येक पिक्सेल कुठे चालला आहे ते वेगळं लिहून ठेवा आणि फराटा नंतर ओढा. स्वस्त आहे, दिग्दर्शकाचं मन बदललं तरी चालतं. पण हा पास फराटा सरळ रेषेत ओढतो. पंख्याचं पातं गोल फिरतं, त्यामुळे टोकाकडे ते लांबल्यासारखं दिसतं. बैलाच्या मागे काय दडलं होतं तेही त्याला ठाऊक नसतं. सावल्या आणि प्रतिबिंबं तर त्याच्या गावीच नसतात. लांबच्या पाखरांना मी तो बिनदिक्कत देतो, मोगलीच्या हाताला नाही.

पहिल्या प्रकरणाला संगणक लागणार नाही. व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीत बसा, फोनवर दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा बाहेरचं चित्रण करा. भर उन्हात फोन शटर क्षणार्धात मिटतो. विजेचे खांब काडीसारखे लख्ख येतील. संध्याकाळी तेच खांब फराटले असतील. एक चित्र थांबवा, खांबाची मूळ जाडी वजा करा आणि उरलेला फराटा पिक्सेलमध्ये मोजा. तो आकडा वहीत लिहून मगच पान उलटा.