सुईची वाट

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमचे थोरले बंधू एकाएकी अबोल झाले. एके दिवशी तिथी पाहायला वहिनींनी पंचांग उघडले, तो आतून डॉक्टरांची चिठ्ठी पडली. रक्ताच्या तपासणीत शंका आली होती म्हणून प्रोस्टेटची बायोप्सी, म्हणजे सुईने त्या ग्रंथीचे बारीक तुकडे काढून करायची तपासणी, सांगितली होती. दादांनी महिनाभर ती दडवली होती. कारण मी ओळखून होतो. वीस वर्षांपूर्वी आमचे मामा याच तपासणीनंतर हुडहुडी भरून आठवडाभर अंथरुणाला खिळले होते. त्यातून दुखणे अवघड जागेचे, बोलायचे कुणाशी?

मी पडलो मॅट्रिक झालेला शाळामास्तर. वैद्यकातले मला काय कळणार? पण इतिहास शिकवणाऱ्याची खोड जात नाही. चार पुस्तके चाळली, ओळखीच्या एका डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावले, आणि पाहतो तो या एवढ्याशा सुईलाही इतिहास!

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. १९३० साली न्यूयॉर्कच्या फर्ग्युसन यांनी गुदद्वाराच्या पुढच्या कातडीतून सुई घालून तिचा अंश तपासला. १९३७ साली अस्त्राल्दी यांनी जवळची वाट दाखवली, गुदाशयातून. बोटाने चाचपायचे आणि त्याच बोटाच्या आधाराने सुई टोचायची. काम झटपट होई, म्हणून पुढे बहुतेकांनी हीच वाट धरली. मग जपानच्या वातानाबे यांनी ध्वनिलहरींनी ही ग्रंथी पडद्यावर दाखवली. त्यासाठी रोग्याला बसवायची खास खुर्चीच त्यांनी तयार केली होती. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी सहा ठरावीक जागांचे तुकडे घेण्याची शिस्त घातली. सहाचे पुढे दहा-बारा झाले.

रोग शोधणारी नजर अशी तीक्ष्ण होत गेली. रोग्याच्या कण्हण्याकडे लक्ष जायला मात्र वेळ लागला. १९९६ साली नॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथीलगतच्या मज्जातंतूंपाशी बधिरतेचे औषध टोचले, तर वेदना कमी होतात हे दाखवून दिले.

राहिला मामांचा ताप. गुदाशयातून जाणारी सुई तिथले जंतू ग्रंथीत आणि रक्तात नेते. त्यावर प्रतिजैविके देत; पण जंतूही त्या औषधांना सरावत चालले. तेव्हा डॉक्टरांना जुनी, कातडीतली वाट आठवली. अमेरिकेतील ६५८ पुरुषांवरच्या एका अभ्यासाचा निकाल २०२४ साली आला. कातडीच्या वाटेने, प्रतिजैविक न देताही, एकालाही जंतुसंसर्ग झाला नाही. गुदाशयाच्या वाटेने, औषध देऊनही, चौघांना झाला. आकडा लहान खरा, आणि कातडीच्या वाटेने त्या वेळेपुरते किंचित अधिक दुखते हेही खरे. पण मामांना विचारले असते, तर त्यांनी कोणती वाट निवडली असती हे सांगायला नको.

आणि सर्वांत सुखाची सुई म्हणजे न टोचलेली! २०१७ साली ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांच्या पाहणीत दिसले, की आधी एम.आर.आय. काढला तर शंभरातल्या सुमारे सत्तावीस जणांची बायोप्सी टळू शकते.

हे सारे मी दादांना सांगितले. म्हटले, "दादा, मामांच्या वेळची गोष्ट आता राहिली नाही. डॉक्टरांना विचारून तर पाहा."

"विचारू काय?"

त्याच चिठ्ठीच्या मागे त्यांनी तीन प्रश्न लिहून घेतले: आधी एम.आर.आय. काढता येईल का? सुई कोणत्या वाटेने घालणार? बधिर कसे करणार?

डॉक्टर रागावले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून बसले. दादांची सुई टळली नाही, पण ती कातडीतून गेली. संध्याकाळी ते घरी आले. दोन-चार दिवस लघवीला रक्त दिसले. तशी कल्पना आधीच दिलेली होती. ताप आला नाही.

अहवालात रोग निघाला, पण आरंभीचा. उपचार चालू आहेत. यंदा वहिनींनी पंचांग उघडले, तेव्हा दादाच हसून म्हणाले, "बघ, आत काही नाही!"